मारका जंतू, गरीब जंतू

७ फेब्रुवारी २००५, शहापूर

नोकरी लागली! समुद्रातल्या माशांची. आणि जागा कुठे, तर किन्हवलीच्या पुढे मुरबाडच्या रस्त्याला, सावळारामशेटच्या बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिकडं समुद्र कुठंय गो?" म्हटलं, "नाहीये, म्हणूनच तर!"

ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या मुंबईच्या मॅडमनी मुलाखतीत समजावलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर ततपप होणार नाही. खाडीकाठच्या खाऱ्या तळ्यांत जिताडा पाळतात. मॅडमनी अशा दोन तळ्यांतून एकच जंतू आणलाय, व्हिब्रिओ. एका तळ्यात माशांना नुसते फोड येतात आणि बरे होतात. दुसऱ्यात चार दिवसांत अख्खं तळं पांढरं होतं, सगळे मासे पोट वर करून. जंतूचं नाव एक, कूळ एक, मग हा दुसरा एवढा जहाल का? मॅडमना दिसलंय की त्याच्यापाशी जनुकांचं एक जास्तीचं छोटं कडं आहे. पहिल्यापाशी नाही. माशाच्या रक्तात लोह असतं, पण कुलपात ठेवल्यासारखं. ते कुलूप उघडायचं जनुक त्या कड्यावर असावं, असा मॅडमचा अंदाज. लोह मिळालं की जंतू माजतो, मासा मरतो.

अंदाज खरा ठरवायला मासे मुद्दाम आजारी पाडायचे. ते खाडीजवळ केलं आणि जंतू निसटला तर? इथे निसटला तरी गोड्या पाण्यात तो तग धरत नाही. म्हणून डोंगरात समुद्र.

मेअखेरपर्यंत काही हाती लागलं तर काम आणखी दोन वर्षं. नाही लागलं तर शेडला कुलूप, आणि मी परत दहावीच्या शिकवण्यांना. ते आज मनात आणायचं नाही.

१० फेब्रुवारी

आज समुद्र केला. विहिरीचं पाणी, भाईंदरच्या मिठाची पोती, आणि मॅडमनी दिलेल्या इतर क्षारांच्या पुड्या. ढवळायला बांबू. शेडची राखण करणारे धाकलू आणि सावळी, नवराबायको, मागच्याच पाड्यावरचे, साठीच्या आसपासचे. धाकलूभाऊंनी बोट बुडवून चाटलं नि गंभीरपणे निकाल दिला, "कालवण बिघडलं, बाय."

सावळीमावशी म्हणाली, "आमी सुकट खाल्ली, बोंबील खाल्ले. पन समुद्राचा मासा जिता कसा असतो, नाय बगितला. त्यो चावतो काय?"

मीसुद्धा जिवंत नाही बघितला. हे तिला सांगितलं नाही. एम. एस्सी.ची अब्रू होती.

१६ फेब्रुवारी

आले! प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून शंभर जिताडे, वीतभर, चंदेरी, डोळे विझल्या बल्बमागून कुणी बघतंय तसे. चार वाटेत मेले, शहाण्णव राहिले. पाडा लोटला होता. सगळे टाकीच्या कडेनं ओणवे. सावळीमावशीने हात घातला, एकाने बोटाला तोंड लावलं, आणि ती अशी हसली की तिचा पदर पाण्यात पडला. मी पण हसले. मग कारण नसताना पुन्हा हसले. बसमध्येही. कंडक्टर बघत होता.

१८ फेब्रुवारी

भातसानगरहून एक जण आला. इंद्रजीत. धरणावर पाणी तपासायच्या कामाला आहे. बाबा धरणावर होते तेव्हापासून आई त्याच्या घरच्यांना ओळखते. म्हणाला, "इकडं पाणी वापरताय असं कळलं. म्हटलं तपासून घ्यावं."

मी सांगितलं, हे धरणाचं पाणी नाही, विहिरीचं आहे.

"विहिरीचंही तपासावं लागतं," तो म्हणाला. दोन बाटल्या भरून घेऊन गेला. सरकारी माणसं कामाला एवढी तत्पर असतात हे माहीत नव्हतं.

२५ फेब्रुवारी

जहाल जंतूची गोठवलेली कुपी मुंबईहून आली. बर्फात, गळ्यात पिशवी अडकवून मी स्वतः आणली. मॅडमनी बजावलंय, दर वेळी कुपीतून ताजा जंतू काढायचा. पण इथे फ्रीज आहे तो भारनियमनात सहा-सहा तास बंद. कुपी दोनदा वितळली की संपलं. म्हणून मी डोकं चालवलं. एकदाच उघडली, जंतू ताटलीवर पसरला, आता रोज नव्या ताटलीवर थोडा थोडा उचलून घेते. जिवंत राहतो, वाढतो. किती सोपं! मॅडमना सांगेन तेव्हा खूश होतील.

फोडवाला साधा जंतू आधीच ताटलीवर आला होता. धाकलूभाऊंनी दोन्ही ताटल्या बघितल्या. एकीतला माशाला मारतो, एकीतला नुसता फोड आणतो, एवढं ऐकून म्हणाले, "म्हंजी ह्यो मारका नि ह्यो गरीब. बैलासारकंच हाय." माझ्या नोंदवहीत आता तीच नावं आहेत. मॅडमच्या अहवालात अर्थातच नाहीत.

इंद्रजीत पाण्याचा निकाल घेऊन आला. पाणी उत्तम आहे. हे सांगायला अठ्ठावीस किलोमीटर.

४ मार्च

आज मी मेलेच असते. म्हणजे मासे.

सकाळी दहाला वीज गेली, हवा सोडणारे पंप थांबले. अर्ध्या तासात जिताडे वर येऊन तोंडं उघडून उभे. धाकलूभाऊ म्हणाले, "पानी हालवा!" मग काय, मी, ते, सावळीमावशी, हातात जेवणाची ताटं, टाकीभोवती फिरत पाण्यावर ताटं आपटतोय. छपाक, छपाक. दहा मिनिटांत खांदे भरून आले. तेवढ्यात इंद्रजीत मोटारसायकलवर, आसनगावच्या कारखान्यातला बर्फ घेऊन. थंड पाण्यात हवा जास्त मुरते, हे त्याने कुठे वाचलं देव जाणे. बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून टाकीत सोडला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, ताट उचललं. चार वाजेपर्यंत. सावळीमावशीने लग्नातलं धवळ्याचं गाणं धरलं, त्या ठेक्यावर आम्ही चौघं पाणी बडवत होतो. आम्ही इतके भिजलो नि इतके हसलो की वीज आली तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एकही मासा मेला नाही.

त्याला आज ड्युटी नव्हती का, हे विचारायचं राहिलं.

९ मार्च

ऊन असं की पत्रा टचटच वाजतो. शेडमध्ये बेचाळीस. ताटल्यांची पेटी वीज असेल तर ठीक, नाहीतर शेडच्या हवेवरच. जंतू मात्र छान वाढतोय, आज बारावी ताटली. लेकरासारखा जपलाय.

आई हल्ली डब्यात भाकऱ्या जास्त घालते. म्हणते, उन्हात भूक लागते. मला नाही लागत. इंद्रजीत आला तर त्याला देऊन टाकते.

१४ मार्च

पहिली चाचणी. लवंगतेलाच्या पाण्यात मासे झिंगवायचे, पोटात बारीक सुई, परत टाकीत. सगळ्या शेडला मसालेभाताचा वास. एक नंबरच्या टाकीत वीस माशांना मारका. दोन नंबरात विसांना गरीब. तीन नंबरात नुसतं खारं पाणी टोचलं. उरलेले छत्तीस मोठ्या टाकीत राखून ठेवले.

१५ मार्च

सगळे जिवंत. आज मरणार नव्हतेच.

१६ मार्च

सगळे जिवंत.

१७ मार्च

सगळे जिवंत. दोन नंबरात थोडे फोड, अपेक्षेप्रमाणे. एक नंबरातले वीसच्या वीस खायला मागतात. इतकी वाईट बातमी इतक्या चांगल्या शब्दांत मी कधी लिहिली नव्हती.

१९ मार्च

सगळे जिवंत. सावळीमावशी आनंदात. "हुशार हाईत गो तुजे मासे!" मी विहिरीमागे जाऊन रडले. मारका मारत नाही म्हणजे मॅडमचा अंदाज चुकला, किंवा मी काहीतरी चुकवलं. दोन्हीत शेड बंद. आमच्या घरातली पहिली एम. एस्सी. आणि वीस मासे मारता आले नाहीत.

किन्हवलीच्या फोनबूथवरून मॅडमना कळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "ताटली घेऊन ये."

२२ मार्च, मुंबईहून परत

बोटं पुरी पडत नाहीत इतकं लिहायचंय. क्रमाने लिहिते.

मॅडमनी विचारलं, "कुपीतून कधी काढलास?"

"पंचवीस फेब्रुवारीला."

"आणि नंतर?"

"त्याच ताटलीवरून पुढे. सतरा वेळा."

"कुठे ठेवत होतीस?"

"पेटीत. वीज गेली की... शेडमध्येच."

"शेडमध्ये किती तापमान?"

"बेचाळीस."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता हाकलणार. त्या उठल्या आणि माझ्या जंतूतली जनुकं बाहेर काढायला बसल्या. दुपारी जनुकं रांगांत पळवलेली जेलीसारखी वडी, म्हणजे जेल, निळ्या दिव्याखाली धरली. मूळ कुपीतल्या मारक्याच्या रांगेत कड्याची ठळक पट्टी. माझ्या मारक्याच्या रांगेत काळोख. कडंच नाही! उन्हानं आणि रोजच्या पळवापळवीनं जंतूने कडं टाकून दिलं होतं. ताटलीवर लोह आयतं मिळतं, मग किल्ल्यांचा जुडगा वागवायचा कशाला?

मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "दीड वर्ष," त्या म्हणाल्या, "दीड वर्ष मी याचं कडं काढायला धडपडतेय. हीच जात, फक्त कडं नाही, असा जंतू मला हवा होता. औषधं वापरली, विजेचे झटके दिले. आणि तू त्याला कोंबड्यांच्या शेडमध्ये ऊन दाखवलंस!"

मग एकदम गंभीर झाल्या. "चूक ती चूकच हं, मेघा. सांगितलं होतं ते केलं नाहीस. वहीत तसंच लिही, तारखांसकट. आणि नाचू नकोस. उन्हात याचं आणखीही काही हरवलं असेल. मी ते कडं याला परत घालते. पुन्हा मारका झाला, तरच दोष कड्याचा."

मी नाचले नाही. जिन्यात नाचले.

२४ मार्च

धाकलूभाऊंना सांगितलं. त्यांनी विचार केला. "म्हंजी तुमी मारका बैल बडीवलात, खच्ची केलात. चुकून."

इंद्रजीतला सांगितलं तर त्याने तीन वेळा पुन्हा सांगायला लावलं. समजत नव्हतं असं नाही. तिसऱ्यांदा तर मी चुकले ते त्यानेच दुरुस्त केलं. मग ऐकायला कशाला बसला होता कोण जाणे.

७ एप्रिल

दुसरी चाचणी. राखलेले छत्तीस, तीन वेगळ्या छोट्या टाक्यांत. बारा माशांना कुपीतला ताजा मारका. बारांना माझा उन्हातला गरीब. बारांना तोच गरीब, पण मॅडमनी कडं परत घातलेला. या वेळी कुपी तिथल्या तिथे उघडली, तिथल्या तिथे वापरली, मॅडम शेजारी उभ्या.

९ एप्रिल

सकाळी गेले तर ताज्या मारक्याच्या टाकीत अकरा मेलेले. कडं परत घातलेल्यांत सात, संध्याकाळपर्यंत दहा. आणि मधल्या टाकीत, उन्हातल्या गरिबाच्या, बाराच्या बारा फेऱ्या मारताहेत! तेच घराणं, तोच जंतू. कडं काढलं तर मासा जगतो, घातलं तर मरतो. मी ओरडले. टाळ्या वाजवल्या. गिरकी घेतली.

वळून बघते तर सावळीमावशी दारात, हातात खायला टाकायची वाटी. ती मेलेल्या अकरांच्या टाकीकडे बघत होती.

"मेले नि नाचतीस?" एवढंच म्हणाली.

मेलेले एकवीस मासे मोजून खड्ड्यात चुन्याखाली घातले, टाक्यांतून काढलेल्या पाण्यात ब्लीचिंग टाकलं. धाकलूभाऊंनी मदत केली. मावशी आली नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, आपण रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच, जीव न घेण्याचं, मी मोडते. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कशासाठी मारलेस ते तुला ठाऊक आहे ना? ते विसरू नको. नि नाचू नको त्यांच्यापुढं." म्हणजे मॅडम आणि आई, दोघींनी सांगितलं, नाचू नको. मला एकदा तरी ऐकायला हवं होतं.

१४ एप्रिल

जयंती. शहापुरात मिरवणूक, निळं आभाळ नि खाली निळे झेंडे. इंद्रजीत फेटा बांधून ढोल वाजवत होता. मला बघून ठेका चुकला. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. मी आईला म्हटलं, हा माणूस पाणीच तपासतो ते बरं आहे. आई पदर तोंडाला लावून खोकायला लागली. धूळ फार होती.

१६ एप्रिल

सावळीमावशी बोलली! आठवडाभर नुसती वाटी घेऊन येत होती नि जात होती. आज एक नंबरच्या टाकीशी बसून म्हणाली, "बाय, ह्या विसांना तू पयल्या बारीला मारका म्हनून टोचलास, तो गरीबच निघाला ना?"

"हो."

"तुजी आई आमच्या पाड्यावर येते, अंगणवाडीच्या पोरांना गोवराची सुई टोचून घ्याया लावते. मी इचारलं व्हतं एकदा, ह्यात काय असतंय. ती म्हनली, गोवरच असतो, पन मऊ केलेला. मग खरा गोवर आला तर अंगाला वळख ऱ्हाते." तिने टाकीत बोट बुडवलं. "ह्यांना पन झाली असंल वळख. बघ ना."

मी शेडमधून पळाले, किन्हवलीपर्यंत. बस येईपर्यंत थांबले नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "हे कोणी सुचवलं?" मी म्हटलं, "सावळीमावशींनी." "त्यांचं शिक्षण?" "अक्षरओळख नाही." "त्यांचं पूर्ण नाव लिहून घे. अहवालात येईल."

२० एप्रिल

एक नंबरातले वीस आणि तीन नंबरातले वीस, ज्यांना आजवर नुसतं खारं पाणी टोचलंय. चाळीसही जणांना आज खरा मारका, कुपीतला. सावळीमावशीने स्वतः मासे धरून दिले. म्हणाली, "आता माजं नाव घातलंस, तर मलाबी उभं ऱ्हायला हवं." तीन नंबरच्या टाकीला मात्र तिने हात जोडले. मीही जोडले.

२३ एप्रिल

तीन नंबर: चौदा गेले. एक नंबर: दोन. काही लिहीत नाही. शाई वाळेपर्यंत आशा धरवत नाही.

२७ एप्रिल

तीन नंबरात विसांतले अठरा गेले. एक नंबरात विसांतले सतरा जिवंत, आज सकाळपासून खाताहेत, वाटीवर उड्या मारताहेत. सतरा!!! मी नाचले नाही. सावळीमावशीने माझे दोन्ही हात धरले आणि तीच नाचली. "जगल्यांपुढं नाचाया काय झालं?" धाकलूभाऊ बादली पालथी घालून बडवायला लागले. मॅडम फोनवर ओरडल्या असं बूथवाल्याने सांगितलं. रिसीव्हर माझ्या कानाला असून त्याला ऐकू गेलं. दोन वर्षं नक्की. आता लस करायची. खरी, मोजूनमापून, ऊन न दाखवता.

परत आले तर इंद्रजीत शेडपाशी. मी लांबूनच हाक मारली, "सतरा जिवंत!" त्याने मोटारसायकल आडवीच टाकली. मी त्याचे दंड धरून गदागदा हलवले, हे आत्ता लिहिताना आठवतंय. तो लालबुंद होऊन म्हणाला, "मेघा, एक विचारायचं होतं. फेब्रुवारीपासून. मी घरच्यांना घेऊन येऊ का?"

"आण की! सगळ्यांना आण!" मी म्हटलं. "बसायला जागा नाही, पण बादल्या पालथ्या घालू. टाकीजवळून नीट दिसतात."

तो म्हणाला, "बरं," आणि पडलेली मोटारसायकल उचलायला गेला. सावळीमावशी नि धाकलूभाऊ हसत होते, सतरा माशांनाच असणार.

२८ एप्रिल, शहापूर

सकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "इंद्रजीतची आई आली होती काल, तू पोचायच्या आधी. तू हो म्हणालीस म्हणे."

"कशाला?"

आईने परातीतला हात काढला. "बघायला यायला."

"हो. मासे बघायला."

आई नुसती बघत राहिली, तव्यावर भाकरी करपेपर्यंत.

मग मला एकेक दिसायला लागलं. विहिरीचं उत्तम पाणी. बर्फ. सहा तास ताट बडवणं. तीन वेळा ऐकलेलं कडं. ढोलाचा ठेका. जास्तीच्या भाकऱ्या. कानशिलं अशी तापली की शेड परवडली. मी, जी जेलमधली केसाएवढी पट्टी ओळखते!

"अजून काही झालेलं नाही," आई हळू म्हणाली. "नको असेल तर मी जाऊन सांगते, पोरीला कळलंच नव्हतं. ती माणसं चांगली आहेत, रागवायची नाहीत."

मी करपलेली भाकरी उलटली. खरं म्हणजे विचार करत नव्हते. त्या ओल्या दुपारी, चौघं टाकीभोवती फिरत होतो तेव्हा, मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसले होते, एवढंच आठवत होतं.

"येऊ देत," मी म्हटलं. "पण शेडवर नको. घरी या म्हणावं."